बीचच्या सालीवरचे लाल दाणे

पानगळीच्या दिवसांत उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलात आजारी बीच वृक्षाजवळ गेले, तर त्याच्या करड्या सालीवर कुंकवाचे शिंतोडे उडावेत तसे लाल ठिपके दिसतात. भिंगातून पाहिले की एकेक ठिपका म्हणजे बारीक दाण्यांचा झुपका आहे हे कळते. दाणा लिंबाच्या आकाराचा, खसखशीहूनही लहान आणि टोकाशी सूक्ष्म छिद्र असलेला. ही बुरशीची फळे. बुरशीचा मुख्य देह म्हणजे तंतूंचे जाळे. ते सालीच्या आत असते. बीजाणू तयार करून बाहेर सोडण्यापुरते हे दाणे सालीवर येतात. जिथे दाणे दिसतात तिथली साल बहुधा मेलेली असते.

आता हे दाणे कोणत्या बुरशीचे? भिंगातून कितीही निरखले तरी याचे खात्रीचे उत्तर देता येत नाही. दोन वेगळ्या जातींच्या बुरशी जवळजवळ एकसारखे दाणे तयार करतात, एकाच रोगात भाग घेतात आणि कधी कधी एकाच जंगलात शेजारी शेजारी नांदतात. त्यांतली एक तिथली जुनी रहिवासी, अनेक प्रकारच्या झाडांवर राहणारी. दुसरी फक्त बीचवर आढळणारी, आणि तिचे मूळ गाव आजही न सापडलेले. या दोघींना वेगळे ओळखायला किती वर्षे लागली आणि त्या ओळखीमुळे रोगाचा इतिहास कसा नव्याने लिहावा लागला, ते आपण या लेखात पाहू.

झाड आणि त्याची साल

बीच हे झाड आपल्याकडे जंगलात उगवत नाही, पण त्याचे नातेवाईक आहेत. हिमालयातला बांज हा ओक आणि बीच एकाच कुळातले, चेस्टनटही त्याच कुळातला. अमेरिकन बीच हा पूर्व कॅनडापासून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांपर्यंत पसरलेला मोठा पानगळी वृक्ष आहे. त्याची छोटी त्रिकोणी फळे तेलकट आणि पौष्टिक असतात. हिवाळ्यापूर्वी अंगावर चरबी साठवणाऱ्या काळ्या अस्वलांना ती फार महत्त्वाची. फळांसाठी झाडावर चढलेल्या अस्वलांच्या नखांच्या खुणा बीचच्या खोडांवर वर्षानुवर्षे दिसत राहतात.

या खुणा टिकतात त्याचे कारण बीचच्या सालीत आहे. आंब्याची किंवा बाभळीची साल वय वाढते तशी जाड होते, तडकते, तिच्यावर मृत पेशींचे थरावर थर साचतात. बीचची साल मात्र म्हातारपणापर्यंत पातळ आणि गुळगुळीत राहते. बाहेरचा संरक्षक थर अगदी नाजूक असतो आणि त्याच्या लगेच आत जिवंत पेशी असतात. प्रेमिकांना नावे कोरायला हे झाड आवडते ते यामुळेच. सोंडेने रस शोषणाऱ्या एखाद्या कीटकालाही ते आवडावे यात नवल नाही.

असा एक कीटक युरोपात होता. तो खवले कीटकांपैकी, म्हणजे जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण किंवा पळसावरची लाखेची कीड यांच्या नात्यातला. (जास्वंदीची पिठ्या पडलेली एखादी फांदी वर्गात आणून भिंगातून दाखवली, तर पुढचे वर्णन मुलांना सहज कळेल.) पूर्ण वाढलेला कीटक सुमारे एक मिलिमीटरचा, पिवळसर, पंख नसलेला. वाढ झाल्यावर पायही नावापुरते उरतात. अंगावर पांढऱ्या मेणाची लोकर. हजारो कीटक जमले की झाडाला चुना फासल्यासारखा दिसतो. या जातीत नर नाहीतच. प्रत्येक मादी नराशिवाय अंडी घालते. त्यामुळे नव्या जागी वसाहत व्हायला एक पिल्लू पुरते. अंड्यातून निघालेली पिल्ले काही काळ चालू शकतात. वारा, पक्षी आणि माणसाने वाहून नेलेली लाकडे त्यांना दूरवर पोचवतात. जागा सापडली की पिल्लू आपली सोंड सालीत खुपसते आणि आयुष्यभर तिथेच राहते.

या कीटकाचे शास्त्रीय नाव क्रिप्टोकॉकस फॅजिसुगा. फॅजिसुगा म्हणजे 'बीच शोषणारा'. वैद्यकाशी संबंध असलेल्या वाचकांना यातला पहिला शब्द ओळखीचा वाटेल, कारण मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या एका यीस्टच्या प्रजातीचे नावही क्रिप्टोकॉकस हेच आहे. प्राण्यांच्या आणि बुरशींच्या नामकरणाचे नियम वेगवेगळे असल्यामुळे दोन्हीकडे एकच नाव चालते. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

हॅलिफॅक्सची बाग

हा कीटक १८९० च्या सुमारास कॅनडाच्या नोव्हा स्कॉशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्स या बंदरात पोचला. तिथल्या सार्वजनिक बागेत शोभेसाठी लावलेल्या युरोपियन बीचवर तो प्रथम आढळला. युरोपातून मागवलेल्या रोपांबरोबर तो आला असणार. १९१४ मध्ये कॅनडाचे सरकारी कीटकशास्त्रज्ञ गॉर्डन ह्यूइट यांनी त्याची शास्त्रीय नियतकालिकात नोंद केली. तोवर तो बागेची भिंत ओलांडून जंगलातल्या बीचवर गेला होता. १९२० च्या सुमारास हॅलिफॅक्सजवळची झाडे मरू लागली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मरणारी झाडे सीमेपलीकडे अमेरिकेच्या मेन राज्यात दिसू लागली.

लोकांनी साहजिकच कीटकाला दोष दिला. युरोपात एकोणिसाव्या शतकात हाच वाद होऊन गेला होता. पांढऱ्या मेणाने माखलेले झाड मेले तर कारण डोळ्यासमोर दिसते आहे, अशी एक बाजू. दुसरी बाजू म्हणे, मेलेल्या सालीवर लाल दाणेही आहेत, त्यांचे काय? यावर पहिल्या बाजूचे उत्तर तयार असे : मेलेल्या सालीवर बुरशी येणारच. पडलेल्या लाकडावर येते तशीच.

हे उत्तर वाटते तितके चुकीचे नव्हते. बुरशीचे बहुसंख्य प्रकार मृत पदार्थावर जगणारेच आहेत. बुरशी दिसली म्हणून तीच मारेकरी ठरत नाही. वेगळे काही सिद्ध करायचे तर बुरशी सालीतून वेगळी काढून शुद्ध स्वरूपात वाढवायची, ती निरोगी झाडात सोडायची, रोग होतो का ते पाहायचे आणि रोगट भागातून तीच बुरशी परत मिळवायची. जंतूंच्या बाबतीत रॉबर्ट कॉख यांनी घालून दिलेली ही शिस्त. जॉन एर्लिख यांनी बीचच्या रोगाला ती लावली आणि १९३४ मध्ये 'कॅनेडियन जर्नल ऑफ रिसर्च'मध्ये शंभर पानांचा प्रबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकातच त्यांचा निष्कर्ष आहे : बीचच्या सालीचा रोग हा नेक्ट्रिया बुरशीचा रोग आहे, जो कीटकाच्या पाठोपाठ येतो.

'पाठोपाठ' हा शब्द महत्त्वाचा. कीटकाची सोंड सालीतल्या पेशींना इजा करते. पेशी मरतात, साल वाळते, तिला सूक्ष्म चिरा पडतात. कीटकाचे काम साधारण इथे संपते. चिरांतून बुरशी आत शिरते, आतली जिवंत साल मारत जाते आणि पानांतून मुळांकडे अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या नष्ट करते. शेजारचे डाग एकमेकांना मिळून खोडाभोवती पूर्ण कडे झाले की मुळांची उपासमार होते आणि झाड जाते. कित्येक झाडे त्याआधीच कुजलेल्या जागी वाऱ्याने मोडून पडतात. एकटा कीटक झाडाला अशक्त करतो, सहसा मारत नाही. एकटी बुरशी निरोगी, अखंड सालीतून आत जाऊ शकत नाही.

शाळेत आपण एक रोग, एक जंतू असे समीकरण शिकवतो. पटकी आणि क्षय यांसाठी ते ठीक आहे. वनस्पतींच्या जगात मात्र अशा जोडीने होणाऱ्या रोगांची उदाहरणे बरीच आहेत, आणि बीचच्या इतके स्पष्ट उदाहरण आम्हाला तरी दुसरे चटकन आठवत नाही.

एक नाव, दोन बुरशी

एर्लिख यांनी नेक्ट्रिया म्हटले ते प्रजातीचे नाव. तिच्यातली जात कोणती, हे पक्के ठरायला १९४३ साल उजाडले. लोमन आणि वॉटसन या अमेरिकन संशोधकांनी पूर्वेकडच्या राज्यांतल्या कठीण लाकडाच्या झाडांवरील नेक्ट्रिया बुरशी गोळा करून त्यांचे बीजाणू मोजले. बीचवरची बुरशी त्यांना युरोपातल्या नेक्ट्रिया कॉक्सिनिया या जातीसारखी वाटली, पण तंतोतंत तशी नाही. कॉक्सिनिया म्हणजे किरमिजी लाल. दोघींच्या अलैंगिक बीजाणूंत फरक होता. म्हणून अमेरिकन बीचवरच्या बुरशीला त्यांनी कॉक्सिनियाचा एक वाण मानले आणि फॅजिनाटा हे वाणाचे नाव दिले.

हा निर्णय त्या वेळच्या पुराव्यावर योग्यच होता. पण त्यातून एक गोष्ट आपोआप गृहीत धरली गेली. बुरशी युरोपियन जातीचा वाण असेल, कीटकही युरोपातून आलेला असेल, तर दोघे एकाच जहाजाने आले असणार. ही कथा इतकी सुटसुटीत होती की पुढे अनेक वर्षे ती जवळजवळ सर्वमान्य राहिली.

दुसरी बुरशी दरम्यान कुठे होती? तीही शास्त्राला जुनीच माहीत होती. फ्रान्समधल्या त्युलान बंधूंनी १८६५ मध्ये तिचे वर्णन नेक्ट्रिया डिटिसिमा या नावाने केले होते. इटालियन भाषक धर्मगुरू जाकोमो ब्रेसादोला यांनी १९०१ मध्ये नेक्ट्रिया गॅलिजेना असे नाव दिलेली बुरशी म्हणजे तीच, असे पुढे ठरले. विसाव्या शतकात गॅलिजेना हेच नाव प्रचारात होते. सफरचंदाच्या बागायतदारांना ती चांगली ठाऊक आहे, कारण फांद्यांवर कँकर, म्हणजे खोलगट मेलेल्या जखमा करणारी ती एक प्रमुख बुरशी. बर्च, मेपल, अक्रोड अशा अनेक झाडांवर ती राहते. तिची पद्धत सावकाशीची. झाड विश्रांतीत असते तेव्हा ती थोडी पुढे सरकते. वाढीच्या दिवसांत झाड जखमेभोवती नवी, जाड कड तयार करते. पुढच्या विश्रांतीत बुरशी तीही मारते. असे वर्षानुवर्षे चालले की खोडावर एकात एक वर्तुळे असलेली, नेमबाजीच्या लक्ष्यासारखी दिसणारी जखम तयार होते. झाड मात्र बहुधा जगते.

उत्तर अमेरिकेत ती कीटक येण्याच्या आधीपासून असावी, असे बहुतेकांचे मत आहे. ती अधूनमधून बीचवरही आढळे. पण रोगाच्या चर्चेत तिला स्थान नव्हते. बीच मरतो आहे, लाल दाणे दिसताहेत, म्हणजे बुरशी फॅजिनाटा, असेच धरले जाई. दर वेळी दाणा फोडून बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली कोण पाहणार?

आघाडी, संहार आणि नंतर

१९६० आणि १९७० च्या दशकांत या रोगाकडे पाहण्याची दृष्टी ॲलेक्स शायगो यांनी बदलली. ते अमेरिकेच्या वनसेवेत होते. साखळी करवतीने झाडे उभी चिरून आतली कूज अभ्यासण्यासाठी ते प्रसिद्ध आहेत. १९७२ मध्ये त्यांनी रोगाच्या वाटचालीचे तीन भाग सांगितले. पहिला भाग आघाडीचा : कीटक पोचला आहे, झाडे पांढरी होताहेत, मरण अजून नाही. दुसरा संहाराचा : कीटकांची गर्दी, बुरशीचा मारा, मोठी झाडे भराभर जाताहेत. संहाराच्या या काळात मोठ्या बीचपैकी निम्म्याहून अधिक मेल्याच्या नोंदी आहेत. तिसरा भाग नंतरचा. मोठी झाडे संपली, आणि मरणाऱ्या झाडांच्या मुळांतून फुटलेल्या कोंबांची दाट झुडपे माजली. ही झुडपे जुन्याच झाडांची शाखा असल्यामुळे तितकीच रोगाला बळी पडणारी. ती मोठी होतात, त्यांच्यावर कीटक बसतात, बुरशी येते. ती एकदम मरत नाहीत. अंगभर व्रण घेऊन कुढत जगतात, फळे कमी देतात आणि त्यांच्या गर्द सावलीत दुसऱ्या झाडांची रोपेही वाढू शकत नाहीत.

चेस्टनटची कथा आपल्या अनेक वाचकांना ठाऊक असेल. १९०४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सापडलेल्या एका परदेशी बुरशीने अमेरिकन चेस्टनटची मोठी झाडे जंगलातून जवळजवळ नाहीशी केली. बीच तसा नाहीसा झाला नाही. तो आजही जंगलात आहे, काही ठिकाणी पूर्वीपेक्षा दाट आहे. फक्त बहुतेक जागी आता वृक्ष उरलेला नाही, झुडूप उरले आहे. वनाधिकाऱ्यांच्या दृष्टीने ही अडचण कदाचित अधिक बिकट आहे.

दाणा फोडून पाहिल्यावर

१९८१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली म्हणजे कॉटर आणि ब्लँचर्ड यांनी अमेरिकन बीचच्या खोडावर कँकर करणाऱ्या दोन्ही नेक्ट्रिया ओळखण्याची पद्धत मांडली. पद्धत साधीच. लाल दाणा पाण्याच्या थेंबात फोडायचा. आत लांबट पिशव्या असतात आणि प्रत्येक पिशवीत आठ बीजाणू. ते मोजायचे. गॅलिजेनाचे बीजाणू फॅजिनाटापेक्षा स्पष्टपणे मोठे असतात. बाहेरून जुळ्या बहिणी वाटणाऱ्या बुरशींची ओळख अशी पोटात दडलेली होती.

दुसरी गोष्ट पश्चिम व्हर्जिनियात. रोगाच्या तेव्हाच्या आघाडीपासून पुष्कळ दक्षिणेला, मोनोंगहिला राष्ट्रीय वनात, रोग अचानक आढळला. कीटक मधला प्रदेश ओलांडून तिथे कसा पोचला याचे उत्तर माणसाच्या वाहतुकीत असावे. पण तपासणी केल्यावर सालीवरचे लाल दाणे गॅलिजेनाचे निघाले. १९८२ मध्ये याची नोंद प्रसिद्ध झाली.

जरा थांबून विचार केला तर हे मोठे कोडे सोडवणारे निरीक्षण आहे. सुटसुटीत कथेप्रमाणे कीटक आणि बुरशी सोबत प्रवास करतात. पण इथे कीटक एकटाच पुढे आला, आणि तरीही रोग झाला. तिथल्या जंगलात मेपलवर, बर्चवर आधीपासून राहणारी बुरशी तयारच होती. आजवर बीचची अखंड साल तिला भेदता येत नव्हती. कीटकाने दारे उघडली आणि ती आत गेली.

वनसेवेतले डेव्हिड ह्यूस्टन या प्रश्नामागे अनेक वर्षे लागले होते. वेगवेगळ्या राज्यांतल्या, रोग येऊन कमी-अधिक काळ झालेल्या जंगलांतून नमुने घेऊन त्यांनी १९९४ मध्ये जे चित्र मांडले ते असे. रोग नवा असतो तिथे गॅलिजेना जास्त सापडते. काही वर्षे गेली की फॅजिनाटा दिसू लागते, वाढते, आणि शेवटी जवळजवळ सगळीकडे तीच उरते. एका बुरशीची जागा दुसरी घेते. जुन्या, रोग मुरलेल्या जंगलात नमुने घेतले तर फॅजिनाटाच मिळणार आणि तीच रोगाची एकमेव कर्ती वाटणार. आधीच्या संशोधकांनी पाहिले ते खरेच होते, पण ते नाटकाच्या दुसऱ्या अंकात येऊन बसले होते.

असे का व्हावे? दोघींच्या राहणीत त्याचे उत्तर शोधता येते. गॅलिजेनाला अनेक झाडे चालतात, म्हणून कोणत्याही जंगलात तिचे थोडे फार बीजाणू हवेत असतातच. नव्या संधीचा फायदा घ्यायला ती जागेवर हजर असते. फॅजिनाटाला फक्त बीच चालतो. ती पोचायला वेळ लागतो, पण पोचल्यावर कीटकाने भेगाळलेल्या बीचच्या सालीत तिची वाढ अशी होते की दुसरीला जागा उरत नाही. सगळे धंदे करणारा आणि एकच धंदा करणारा यांच्यातला हा फरक परिसरशास्त्रात वारंवार भेटतो. तरी गॅलिजेना पूर्ण जात नाही. मेनच्या उत्तर भागात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत फॅजिनाटाचे प्राबल्य असलेल्या जंगलातही दुसरी बुरशी आढळली. बीचखेरीज शेजारची इतर झाडे तिचा कायमचा आसरा आहेत. म्हणजे सगळे रोगट बीच तोडून टाकले तरी ती तिथेच राहणार.

मूळ गावाचा शोध

फॅजिनाटा मुळात कुठली हा प्रश्न तसाच होता. इथून पुढे सूक्ष्मदर्शक अपुरा पडतो आणि डीएनए मदतीला येतो.

एखाद्या बुरशीची वस्ती एका प्रदेशात हजारो वर्षे असेल, तर तिच्यात आनुवंशिक विविधता भरपूर साठते. थोडे बीजाणू दूरदेशी पोचून त्यांच्यापासून नवी वस्ती झाली असेल, तर ती सगळी त्या मोजक्या पूर्वजांची संतती, म्हणून विविधता कमी. गावातल्या सगळ्या घरांत एकाच आडनावाची माणसे भेटली की आपण ओळखतो, हे गाव दोन-चार घरांपासून वाढले असणार. १९९९ आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत या तर्काने दोन्ही बुरशींचे नमुने तपासले गेले. फॅजिनाटा उपरी आणि गॅलिजेना स्थानिक, या कल्पनेशी निकाल जुळणारे होते. जुनी कथा अर्धी तरी वाचली असे वाटले.

मग २००६ मध्ये कॅसलबरी, रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक जनुकांच्या रचनेवरून या बुरशींचा वंशवृक्ष मांडला. त्यात कॉक्सिनिया ही युरोपातल्या बीचवरची वेगळी जात ठरली आणि फॅजिनाटा तिच्यापासून स्वतंत्र. वाणाचा दर्जा काढून तिला जातीचा दर्जा मिळाला. तोवर या बुरशी नेक्ट्रियामधून निओनेक्ट्रिया प्रजातीत गेल्या होत्या. ही प्रजाती वॉलेनवेबर यांनी १९१७ मध्येच सुचवली होती. म्हणून आजची नावे निओनेक्ट्रिया फॅजिनाटा आणि निओनेक्ट्रिया डिटिसिमा. गॅलिजेना हे नाव मागे पडले, कारण एकाच जातीची दोन नावे निघाली तर सर्वसाधारणपणे आधीचे धरायचे असा नियम आहे. नावे बदलली की विद्यार्थी वैतागतात, आणि आम्हीही वैतागतो. पण इथे प्रत्येक बदलामागे बुरशीबद्दलची काही नवी माहिती आहे.

या अभ्यासाने फॅजिनाटाच्या कथेत नवी अडचण उभी केली. डिटिसिमा दोन्ही खंडांत आहे. फॅजिनाटा मात्र केवळ उत्तर अमेरिकेतल्या नमुन्यांत मिळाली, युरोपातल्या बीचवर नाही. ती बाहेरून आली म्हणावे तर ज्या युरोपातून कीटक आला तिथे ती सापडत नाही. तिथलीच म्हणावे तर विविधता इतकी कमी का, आणि १८९० पूर्वी ती कुठे, कशी जगत होती? अभ्यासक यावर अजून काम करत आहेत.

विशेष म्हणजे त्याच २००६ साली कीटकाच्या मूळ गावाबद्दलही नवी माहिती आली. डीएनएच्या तुलनेवरून त्याचे मूळ पश्चिम युरोपात नसून ईशान्य ग्रीस आणि काळ्या समुद्राभोवतीच्या प्रदेशात, पौर्वात्य बीचच्या जंगलांत असावे असे दिसले. म्हणजे युरोपातही तो एका अर्थी पाहुणाच. हॅलिफॅक्सला पोचण्याआधी त्याने एक मुक्काम केलेला होता.

जुन्या नमुन्यांचा अशा शोधात मोठा उपयोग होतो. संग्रहालयाच्या पाकिटात ठेवलेला सालीचा तुकडा, त्यावरचे वाळलेले लाल दाणे, गोळा केल्याची तारीख आणि जागा : दाणा फोडून बीजाणू आजही मोजता येतात, आणि नशीब असेल तर डीएनएही मिळतो. आपल्याकडे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत प्रा. अजरेकर यांच्या नावाने बुरशींचा असाच संग्रह आहे. असे संग्रह बाहेरून रुक्ष दिसतात. त्यांत जमा झालेल्या पाकिटांवरचे नाव पन्नास वर्षांनी चुकीचे ठरू शकते, पाकिटातला दाणा मात्र उपयोगी पडतो.

पांढरे न होणारे झाड

रोग पुढे सरकतोच आहे. १९९० च्या दशकात तो दक्षिणेला ग्रेट स्मोकी पर्वतात आणि कॅनडात आँटारिओत पोचला, २००० मध्ये मिशिगनमध्ये सापडला आणि २००९ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये. मात्र रोगाने झोडपलेल्या जंगलातही काही मोठी झाडे स्वच्छ उभी असतात. शेजारी पांढरे कीटक, लाल दाणे, मोडकी खोडे. आणि यांची साल गुळगुळीत. अशी झाडे शंभरात जेमतेम एक किंवा दोन.

ती निव्वळ नशिबाने वाचली असतील का? हे पाहण्यासाठी ह्यूस्टन यांनी अशा झाडांच्या सालीवर कीटकाची अंडी मुद्दाम आणून बांधली. शेजारच्या सामान्य झाडावर पिल्ले नीट रुजली. स्वच्छ झाडांवर ती टिकलीच नाहीत. म्हणजे प्रतिकार खरा आहे. पुढे ओहायो राज्यातल्या डेलावेअर येथील वनसेवेच्या केंद्रात जेनिफर कॉख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा झाडांच्या कलमांवर आणि त्यांच्यात संकर करून मिळवलेल्या रोपांवर हीच चाचणी घेतली. गुण पुढच्या पिढीत उतरतो, आणि दोन्ही पालक प्रतिकारक असले तर प्रतिकारक रोपांचे प्रमाण बरेच वाढते. त्यावरून बियाण्यांसाठी प्रतिकारक झाडांच्या बागा उभ्या करण्याचे काम सुरू झाले.

हा प्रतिकार कीटकाविरुद्धचा आहे. दोन बुरशींपैकी कोणालाही ही झाडे स्वतःहून अडवत नाहीत. कीटक नाही म्हणून चिरा नाहीत आणि चिरा नाहीत म्हणून बुरशीला आत जायला वाट नाही, एवढेच. फांदी मोडली, अस्वलाने नख मारले किंवा थंडीने साल फाटली, तर तिथून डिटिसिमा शिरू शकते आणि आपला सावकाश वाढणारा वर्तुळाकार व्रण करू शकते. कीटक हॅलिफॅक्सला येण्यापूर्वीही बीचवर ती एवढेच करत असावी, आणि बीच तिच्यासह उभे होते.